जुन्या बागेच्या ट्रॅक्टरचे ब्रेक आणि फाट्यावरचे मामा

हे परीक्षण ट्रॅक्टरचं नाही, गॅरेजचं आहे. गॅरेज म्हणजे तासगाव ते कवठेमहांकाळ पट्ट्यातल्या एका फाट्यावर, कालव्याच्या पुलाअलीकडे असलेली पत्र्याची शेड. पाटी नाही, रंग नाही, बाहेर दोन मोडके रोटर आणि एक लिंबाचं झाड. नाव लिहीत नाही, कारण गॅरेजवाल्या मामांनीच बजावलंय, "वैनी, छाटणीच्या तोंडावर आनी गर्दी नगं." पट्ट्यातल्या लोकांना फाटा बरोबर कळेल. बाकीच्यांनी निदान काम कसं झालं ते वाचावं आणि आपापल्या मिस्त्रीकडून तसं करून घ्यावं.

आमचा ट्रॅक्टर बागेचा, १८ अश्वशक्तीचा, तीन सिलिंडरचा, चारही चाकं ओढणारा. २०१४-१५ पासून यांत्रिकीकरणाच्या अनुदानातून गावोगाव छोटे ट्रॅक्टर आले, त्याच्याही आधीचा. ९ फुटी ओळीत हा आरामात चालतो. आमची द्राक्षाची बाग, सोनाका जातीची. वेल मांडवावर नव्हे, वाय आकाराच्या अँगलांवर. ट्रॅक्टर मीच चालवते. हे मुद्दाम सांगते, कारण बऱ्याच गॅरेजात माझ्याशी बोलायचं सोडून माझ्या मागं उभ्या असलेल्या गड्याला तक्रार विचारतात. गडी बिचारा औषध कालवणारा, त्याला क्लच कुठला आणि ब्रेक कुठला हेही सांगता यायचं नाही.

ज्यांच्याकडे मोठाच ट्रॅक्टर आहे त्यांच्यासाठी थोडं. ट्रॅक्टरला ब्रेकची दोन पेडलं असतात, दोन्ही उजव्या पायाशी, एक डाव्या मागच्या चाकाचं, एक उजव्या. पेडल दाबलं की त्या बाजूच्या ड्रमच्या आत दोन शू फाकून ड्रमला घासतात आणि चाक थांबतं. रस्त्यावर ती पट्टीनं जोडून एकत्र दाबायची, शेतात सोडवून एकेक वापरायची. मोठ्या रानात एकेरी ब्रेकवाचून फारसं अडत नाही. बागेत मात्र ओळ संपली की समोर ताणाच्या तारा, अँगल आणि त्यापलीकडे बांध. पाठीमागं फवारणीचा ६०० लिटरचा ब्लोअर. तेवढ्या जागेत गाडी फिरवायची ती एका चाकाचा ब्रेक दाबूनच. ब्रेक उशिरा लागला की पुढचं चाक तारेत, एकदम धरला की मागचा ब्लोअर खांबाला. ऑक्टोबर छाटणीनंतर डाऊनी म्हणजे केवडा रोगाच्या भीतीनं पहाटे दवातच फवारायला निघावं लागतं, तेव्हा गवत ओलं, टायरला चिखल. त्या वेळी ब्रेक म्हणजे निम्मं स्टीअरिंगच.

आमच्या ट्रॅक्टरची तक्रार अशी होती : उजवं पेडल पार खालपर्यंत जायचं, मग धरायचं, आणि पाय काढला तरी लगेच सोडायचं नाही. डावं त्या मानानं बरं. दोन्ही एकत्र दाबले की गाडी डावीकडं ओढायची.

आधी तालुक्याच्या गावातल्या एका मोठ्या वर्कशॉपात नेला होता. नाव नको. तिथं काचेच्या केबिनमध्ये बसवलं, पाणी दिलं आणि चाक न उचलताच अंदाजपत्रक हातात ठेवलं. दोन्ही बाजूंचे ब्रेक शू, दोन्ही ड्रम, ऑइल सील, मजुरी, सगळं मिळून चौदा हजार. "जुना झालाय मॅडम, आता सेटच बदलायचा." कशावरून, असं विचारलं तर, "ह्या वयात बदलावाच लागतो." ट्रॅक्टर परत घेऊन आले आणि शेजारच्या बागाईतदारांच्या सांगण्यावरून फाट्यावर गेले.

मामांचं वय साठीच्या पुढं. त्यांनी पहिल्यांदा काय केलं तर काहीच केलं नाही. मलाच म्हणाले, "वैनी, तुमी चालवा की. मी बगतो." शेडसमोरच्या मोकळ्या मातीत मला हळू गिअरात पुढं नेऊन एकदम दोन्ही ब्रेक दाबायला लावले. मग ट्रॅक्टरकडं न बघता खाली मातीकडं बघत चालत आले. डाव्या चाकाची घसरण लांब उठली होती, उजव्याची जेमतेम हातभर. तिथंच काडीनं दोन्हीच्या शेवटाला रेघ मारली आणि हाताखालच्या पोराला सांगितलं, "हे पुसायचं न्हाई, काम झाल्यावर बगायचंय."

त्यांचा पुढचा प्रश्न मला अजून आठवतो. "बागंला एका टोकाला जागा कमी हाय का?"

आहे. विहिरीकडच्या टोकाला जेमतेम वळण बसतं, रस्त्याकडच्या टोकाला ऐसपैस आहे. मी नेहमी पश्चिमेच्या पहिल्या ओळीपासून सुरू करते आणि पूर्वेला सरकत जाते. म्हणजे विहिरीकडं दरवेळी उजवीकडंच वळायचं. रस्त्याकडं डावीकडं वळते, पण तिथं जागा असल्यामुळं ब्रेकला पाय लावावा लागत नाही. झालं, इतकी वर्षं उजवाच ब्रेक झिजतोय. मामा म्हणाले, "आता एक फवारनी पश्चिमेकडनं, तर दुसरी पूर्वेकडनं चालू करा. दोनी सारखे झिजतील." फुकटातला सल्ला, आणि माझ्या मते सगळ्या कामात हाच सर्वांत मोलाचा. बाग ज्यांची आहे त्यांनी आपली वळणं एकदा आठवून बघावीत.

मग मोजमाप. पेडल हातानं दाबायचं, पायानं नाही. हाताला जिथं पहिल्यांदा जोर लागतो तिथपर्यंतचं अंतर म्हणजे मोकळा प्ले. त्यांनी पेडलाशेजारी स्टीलची पट्टी उभी धरली आणि मलाच वाचायला लावली. डावं ४० मिलिमीटरच्या आसपास, उजवं ७० च्या पुढं. आमच्या ट्रॅक्टरच्या पुस्तकात २० ते ३० मिलिमीटर लिहिलंय. तुमच्या मॉडेलचा आकडा वेगळा असू शकतो, पुस्तकात बघा. पण दोन्ही पेडलांचा प्ले सारखा हवा, हे सगळ्यांना लागू.

इथं साधा मिस्त्री काय करतो ते मला माहीत आहे, कारण आमच्याकडं ते पूर्वी झालेलं आहे. पेडलापासून मागं ड्रमकडं जाणारा जो रॉड असतो, त्याचा लॉकनट ढिला करायचा, मधला टर्नबकल (आट्यांचा जोड) फिरवून रॉड आखूड करायचा, नट कसायचा, शंभर रुपये द्या. दहा मिनिटांचं काम. पेडल वर येतं, आपण खूश होतो. आठवड्यानं ड्रमजवळ हात नेला तर चटका, कारण आत शू घासतच राहिलेला असतो.

मामांनी रॉडला हात लावायच्या आधी तो नुसता पुढं-मागं हलवून बघितला. मग मला खाली वाकून बघायला सांगितलं. रॉडच्या दोन्ही टोकांना पिना असतात. त्या पिना झिजून मधोमध बारीक झाल्या होत्या आणि ज्या भोकात त्या बसतात ती लांबट झाली होती. पोरगं पेडल दाबत होतं, पेडल खाली जात होतं, पिन भोकात सरकत होती आणि रॉडनं ओढला जाणारा ब्रेकचा मागचा आर्म जागेवरून हलतच नव्हता. उजव्या पेडलाच्या ७० मधला बराचसा प्ले असा पिनांतच जात होता. ड्रमशी त्याचा काही संबंध नाही. म्हणजे चौदा हजारांचे शू आणि ड्रम घातले असते तरी पेडल बऱ्यापैकी खालीच गेलं असतं. मग त्यांनी परत रॉडच आवळला असता.

पिना त्यांनी नव्या घातल्या, भोकं शेजारच्या लेथवाल्याकडून भरून पुन्हा मारून आणली. लेथवाला जेवायला गेला होता, त्यात तासभर गेला. त्या तासात मी लिंबाखाली बसून बेदाण्याच्या दरावर तिथल्या मंडळींची चर्चा ऐकली. ती चर्चा कुठल्याही गॅरेजात मोफतच असते.

त्यानंतर जॅक. हे मी सविस्तर सांगते कारण घरी करणारे पुष्कळ आहेत आणि मातीत जॅक लावताना मी माणसं बघितली आहेत. मामांनी ट्रॅक्टर शेडमधल्या सिमेंटवर घेतला. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून उटी. गिअर न्यूट्रल. चारचाकी ओढीचा लिव्हर बंद, कारण तो चालू राहिला तर मागचं चाक पुढच्या चाकांशी जोडलेलं राहतं आणि हातानं मोकळं फिरतच नाही. मग आपल्याला वाटतं ब्रेक धरलाय. मागचा ॲक्सल उचलल्यावर खाली लोखंडी घोड्या दिल्या आणि जॅकचा भार काढून घेतला. त्यांच्या शेडमध्ये बाकी सगळा पसारा असतो, पण ह्या दोन घोड्या जागच्या जागी असतात.

डावं चाक हातानं छान फिरत होतं. उजवं फिरवताना घरघर आणि एका जागी अडकणं. "हे खोलायचं," म्हणाले. डावं खोलायची गरज नाही म्हणाले आणि खोललं नाही. ही गोष्ट मला फार आवडली. खोललं असतं तर दोन बाजूंची मजुरी लागली असती आणि मी दिलीही असती.

उजवा ड्रम निघाला तेव्हा पोरगं सवयीनं हवेचा पाइप घेऊन आलं. मामा त्याच्यावर असे खेकसले की चर्चेतली मंडळीसुद्धा गप्प झाली. शूवरच्या जुन्या लायनरमध्ये, म्हणजे घासणाऱ्या थरात, ॲस्बेस्टॉस असू शकतं, ती धूळ छातीत गेली की बाहेर येत नाही. ओल्या फडक्यानं पुसून फडकं पिशवीत बांधून टाकलं. ह्या शेडमध्ये तोंडाला रुमाल न बांधता औषध कालवणारे आम्ही शेतकरी बसलो होतो, आणि आम्हाला हे सांगणारा माणूस दहावी नापास. असो.

आत बोट फिरवून त्यांनी बोट नाकाशी नेलं, मग माझ्यासमोर धरलं. कोरडं होतं. तेलाचा वास नाही. ॲक्सलचं ऑइल सील गळायला लागलं की तेल लायनरवर उतरतं, आणि मग कितीही आवळा, ब्रेक घसरतच राहतो. पेट्रोलनं धुऊन किंवा भाजून ते लायनर परत कामाला लावणारेही असतात, पण लायनर तेल प्यालेलं असलं की दोन दिवसांनी गरम झालं की पुन्हा तेल सोडतं. तेव्हा सील आणि शू दोन्ही बदलल्याशिवाय गत्यंतर नसतं. आमच्याकडं ती वेळ नव्हती. म्हणजे अंदाजपत्रकातलं सीलही उगाचच.

लायनरवर रिव्हेटच्या डोक्यांच्या वर अजून दीड-दोन मिलिमीटर माल शिल्लक होता. रिव्हेट ड्रमला घासायला लागायच्या आत शू बदलायचा असतो, नाहीतर ड्रमला चर पडतात आणि मग लेथचा खर्च. मामांनी लायनरवरची चकाकी पॉलिश पेपरनं मोडली, कडा थोड्या मारल्या. "हा सीझन काढंल. फुडच्या खरड छाटणीला बगू." खरड छाटणी म्हणजे एप्रिल. बदलायचा कधी ह्याचा एवढा नेमका शब्द मला कुठल्या वर्कशॉपात मिळाला नव्हता.

खरा दोष होता कॅममध्ये. ड्रमच्या आत दोन शूंच्या मधोमध जो कॅम फिरून शू फाकवतो, त्याचा शाफ्ट गंजून जॅम व्हायला आला होता. ब्लोअरचं तुषार वर्षानुवर्षं मागं उडतंय, त्यात मोरचूद असतं, गंधक असतं, त्यावर चिखल. रिटर्न स्प्रिंग आधीच म्हातारी. शू फाकायला वेळ, मिटायला त्याहून वेळ. पाय काढल्यावर ब्रेक धरून राहत होता तो ह्याच्यामुळं. शाफ्ट काढून, घासून, बोटाच्या टोकावर मावेल एवढंच ग्रीस लावून, वरचं पुसून परत बसवला. जास्त ग्रीस लावलं तर ते वितळून लायनरवरच येतं. स्प्रिंगा नव्या. जुन्या आणि नव्या स्प्रिंगा शेजारी ठेवून दाखवल्या. जुन्या चांगल्या दोन आटे लांब.

आर्म परत बसवताना एक गोष्ट त्यांनी दाखवली. कॅमचा आर्म दातेरी शाफ्टवर बसतो. लायनर झिजलं की काही जण शू न बदलता आर्म एक दात मागं बसवतात, की पेडल परत वर आलंच. पण मग कॅम मर्यादेबाहेर फिरतो, कधी पलटतो आणि ब्रेक तिथंच जॅम होऊन बसतो. म्हणून खोलताना त्यांनी शाफ्टवर आणि आर्मवर पंचानं खूण मारली होती, त्याच खुणेला परत बसवला. ब्रेक पूर्ण दाबलेला असताना रॉड आणि आर्म साधारण काटकोनात यायला हवेत, तेव्हाच पायाचा सगळा जोर पोचतो. काटकोनाच्या फार पुढं गेलं की पायाचा जोर वाया जातो. हे त्यांनी गुण्या न लावता, नुसत्या तळहातांनी करून दाखवलं, पण मला कळलं. बारावीला मला हे शिकवलं होतं, तेव्हा नव्हतं कळलं.

एवढं सगळं झाल्यावर मग टर्नबकल. चाक हातानं फिरवत रॉड आखडत जायचं, शू किंचित घासल्याचा आवाज आला की थांबायचं, मग मोकळं होईपर्यंत उलटं फिरवायचं. पट्टी लावायची. डावं २५, उजवं २५. मग लॉकनट कसायचा. कसताना टर्नबकल आपोआप थोडा फिरतो, म्हणून तो दुसऱ्या पान्यानं धरून ठेवायचा आणि कसल्यावर पट्टी पुन्हा लावायची. दुसऱ्यांदा पट्टी लावली तेव्हा उजवं २२ निघालं. ते त्यांनी पुन्हा सोडून केलं. तीन मिलिमीटरसाठी. पोराच्या तोंडावर कंटाळा स्पष्ट दिसत होता.

आता रेघेपाशी. पुन्हा त्याच मातीत, त्याच गिअरात, मीच. दोन्ही चाकांच्या घसरणी वितभराच्या फरकानं सारख्या आल्या. मग पेडलं सोडवून एकेकानं फिरवून बघितलं, डावीकडं, उजवीकडं. मग कालव्याच्या पुलापर्यंत जाऊन यायला सांगितलं आणि आल्या आल्या दोन्ही ड्रमला हाताची पाठ लावली. दोन्ही कोमट. एक गरम आणि एक गार असता तर परत जॅक. ही चाचणी कोणालाही जमण्यासारखी आहे आणि तिला पैसे पडत नाहीत. फक्त तळहात लावू नका, पाठ लावा. चटका बसला तर निदान काम तरी अडत नाही.

पैसे द्यायला गेले तर घेईनात. कारण दोन्ही पेडलं जोडणारी पट्टी. आमच्या ट्रॅक्टरला तिची पिन कधीची हरवलेली, आम्ही बाइंडिंग तारेनं काम भागवत होतो. मामा म्हणाले, "तार काढली. पिन बसल्याबिगर गाडी द्यायचो न्हाई." बागेतून निघून डांबरीवर आल्यावर मागं भरलेली ट्रॉली असताना एकच पेडल दाबलं गेलं, तर एकच चाक थांबतं आणि ट्रॅक्टर गर्रकन फिरतो. ह्या छोट्या ट्रॅक्टरांचं स्वतःचं वजन सात-आठशे किलोच्या घरात, मागं ट्रॉलीत त्याच्या दुप्पट माल आणि ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नाहीत. उतारावर ट्रॉलीच ट्रॅक्टरला ढकलते. पूर्वीपेक्षा ब्रेक चांगला लागायला लागला की हा धोका उलट वाढतो, कमी होत नाही, हे मला तिथं पहिल्यांदा लक्षात आलं. पिन सापडेना, म्हणून त्यांनी बोल्ट कापून, भोक मारून, साखळीला अडकवून पिन करून दिली. साखळी ह्यासाठी की मी परत हरवू नये. तसं ते तोंडानं बोलले नाहीत, पण साखळी बघून कळलं.

एकूण खर्च : मजुरी ९००, स्प्रिंगा आणि पिना ३५०, लेथ ४००. साखळीचे घेतले नाहीत. १६५० रुपये आणि एक अख्खा दिवस.

आता उणं. मामा फोन उचलत नाहीत. उचलला तर "या की सकाळी" म्हणतात आणि सकाळी शेडला कुलूप असतं, नऊपर्यंत वाट बघायची तयारी ठेवा. बिल देत नाहीत. मागितलं तर सिगरेटच्या पाकिटाच्या मागं आकडे लिहून देतात, त्यावर तारीखही नसते. कुणाला हिशेबाला पक्की पावती लागत असेल तर इथं जाऊ नका. बसायला खुर्ची एकच आणि तिचा एक पाय मामांनी अजून वेल्ड केलेला नाही. बायकांसाठी स्वच्छतागृह नाही, जवळ हॉटेलही नाही. हा मुद्दा परीक्षणात कुणी लिहीत नाही, म्हणून मी लिहिते. अख्खा दिवस थांबायचं असेल तर घरी जाऊन येण्याची सोय बघून जा.

सुटे भाग त्यांच्याकडं ठेवलेले नसतात. शू बदलायची वेळ आली तर आपणच आणून द्यायचे. एप्रिलसाठी मी आत्ताच कंपनीचा सेट सांगून ठेवला आहे. बाजारात त्याच मापाचे निम्म्या दराचे मिळतात, मामा म्हणतात त्यातले काही चांगलेही असतात, पण ओळखायचे कसे हे विचारल्यावर म्हणाले, "घातल्यावर." मला तेवढा प्रयोग करायचा नाही.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं, सगळे ट्रॅक्टर त्यांच्याकडं नेऊ नका. नव्या ट्रॅक्टरांत तेलात बुडालेले डिस्क ब्रेक येतात. त्यांची बाहेरून रॉडची आणि पेडलाची जुळवणी मामा करतात, पण आतलं काम ते घेत नाहीत. माझ्यासमोरच एका तरुण पोराला त्यांनी परत पाठवलं. तो नवा ट्रॅक्टर घेऊन आला होता, वॉरंटीतला. "हे खोललं तर तुझी वॉरंटी गेली, आनी माज्याकडं ह्याची हत्यारं न्हाईत. कंपनीकडं जा." पोरगं नाराज होऊन गेलं. त्याला वाटलं मामांना येत नाही. मामांना येत नाही हे खरंच आहे, आणि ते त्यांनी सांगितलं.

माझ्याकडून पाचपैकी चार. एक तारा फोन न उचलल्याबद्दल आणि पावती न दिल्याबद्दल कापला.

जायचं असेल तर सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्याआधी जा, कारण त्यानंतर छाटणीची घाई सुरू होते आणि शेडसमोर रांग लागते. ट्रॅक्टर धुऊन न्या, विशेषतः मागच्या ॲक्सलजवळ. चिखलानं भरलेला नेला तर मामा आधी धुवायला परत पाठवतात. टाकी निम्मी भरलेली असू द्या, कारण चाचणीला ते पुलापर्यंत पिटाळतात. आणि पुस्तक सोबत न्या. मामा वाचत नाहीत, पण पट्टीवरचा आकडा वाचून झाल्यावर तुम्हाला विचारतात, "पुस्तकात किती हाय?"